वर्ष संपताना दप्तर कोणी रिकामे करायचे?

निळीशाई

माझी मुलगी सातवीत आहे. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि शाळेच्या सूचनांमध्ये रोज भर पडते आहे. ग्रंथालयाची पुस्तके परत करा, प्रयोगवहीवर सही घ्या, पुढच्या वर्षीसाठी निवडलेला विषय कळवा, हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून आपापल्या वस्तू ओळखून न्या, गुणपत्रकावर छापायचे नाव तपासून द्या. या सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतात, मी त्या वाचते आणि तिला सांगते. ती "हो" म्हणते. संध्याकाळी विचारले की "राहिलं" म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना मी पुन्हा सांगते, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहून माझाच आवाज चढतो. गेला महिनाभर आमच्या दोघींमध्ये याखेरीज दुसरे बोलणे जवळजवळ झालेले नाही.

मागच्या रविवारी ती बाहेर खेळायला गेली असताना मी रागाच्या भरात तिचे दप्तर पलंगावर पालथे केले. ग्रंथालयाचे पुस्तक शोधणे एवढाच हेतू होता. कंपासपेटीतून निसटलेले कर्कटक, टोक नसलेल्या चार पेन्सिली, एका बाजूला झिजून तिरका झालेला खोडरबर, डब्याच्या पिशवीची तुटलेली साखळी, कोणाच्या तरी वहीचे पान, आणि अगदी तळाशी, पुठ्ठ्याखाली सरकलेला, आठ घड्या घातलेला एक कागद. उघडून पाहिला तर तो चार महिन्यांपूर्वीच्या सहलीचे संमतिपत्र निघाला. त्यावर माझी सही होती.

त्या वेळी तिने मला सांगितले होते की संमतिपत्र द्यायला ती विसरली आणि मुदत संपल्यामुळे तिचे नाव घेतले नाही. मी तिला खूप बोलले होते. तीन वेळा आठवण करून देऊनही एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही, उद्या मोठी झाल्यावर काय करशील, असे बरेच काही बोलून झाले होते, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली होती.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने बसमधल्या जागा काढल्या आहेत. दोन-दोन चौकोनांच्या रांगा आहेत आणि चौकोनांत वर्गातल्या मुलींच्या नावांची आद्याक्षरे आहेत. तिचे अक्षर तीन ठिकाणी लिहून खोडलेले आहे, इतके की एका जागी कागद विरळ झाला आहे. शेवटी ते मागच्या रांगेत आहे आणि शेजारचा चौकोन रिकामा आहे.

ती विसरली नव्हती. मी मात्र चार महिने तिला विसराळू म्हणत होते.

कागद घडी घालून पुन्हा होता तिथे ठेवला आहे. आता दोन गोष्टी कळत नाहीत. मी तो पाहिला हे तिला सांगावे की नाही, आणि वर्षअखेरीची ही सगळी कामे तिच्याकडून करून घेण्याची याहून बरी पद्धत कोणती? या वयाच्या मुलांचे पालक आणि शिक्षक या चर्चामंचावर आहेत, म्हणून विचारते आहे.

खडूफळा

मी एकोणीस वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते आहे. तुम्ही कागद उघडलात याबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका, पण तो पाहिल्याचे तिच्यापासून लपवूही नका. या वयाच्या मुलांना आपल्या वस्तूंना कोणी हात लावला हे लगेच कळते. कळूनही आई काही बोलत नाही असे दिसले की त्या शांततेचा अर्थ मुले स्वतःच्या विरोधात लावतात. दप्तर उघडले ही तुमची चूक आधी सांगा. कागदाचा विषय त्यानंतर, आणि तोही प्रश्न न विचारता.

"विसरले" या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वर्षाच्या शेवटी तो मी दिवसातून वीस वेळा ऐकते. त्यातली काही मुले खरोखर विसरलेली असतात. काहींना काम नेमके कसे करायचे हे माहीत नसते आणि विचारायचा संकोच असतो. कोणत्या खोलीत, कोणत्या सरांकडे, मधल्या सुट्टीत की शाळा सुटल्यावर, एवढे न कळल्यामुळे पुस्तक महिनाभर दप्तरात फिरत राहते. आणि काहींना ते काम करायचेच नसते, कारण त्याच्या पलीकडे काहीतरी दुखरे असते. तिन्ही प्रकारची मुले एकच शब्द वापरतात. "विसरले" म्हटले की मोठी माणसे रागावतात खरी, पण आणखी खोलात जात नाहीत, आणि मुलांना तो सौदा परवडतो.

म्हणून माझ्या वर्गात मी "का विसरलास?" हा प्रश्न सोडून दिला आहे. त्याऐवजी "हे काम करायला गेलास तर सगळ्यात आधी काय करावे लागेल?" असे विचारते. खरोखर विसरलेला मुलगा पटकन उत्तर देतो. ज्याला माहीत नाही तो गोंधळतो. आणि ज्याला जायचेच नाही तो खाली बघतो.

आता तुमच्या मुलीसाठी तातडीची वाटते ती गोष्ट. अभ्यासक्रम संपल्यानंतरचे आणि परीक्षा झाल्यानंतरचे मोकळे दिवस मित्रमैत्रिणींमध्ये रमलेल्या मुलांसाठी वर्षातले सर्वांत आनंदाचे असतात. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी तेच सर्वांत कठीण जातात. तासिका चालू असताना बाकावरची जागा ठरलेली असते, काम ठरलेले असते. मोकळ्या तासाला "आपापले गट करा" म्हटले की एकटे मूल सगळ्यांच्या नजरेत येते. स्लॅमबुक फिरतात, शर्टांवर सह्या होतात, फोटो काढले जातात. अशा दिवशी मुलांचे डोके दुखते, पोट दुखते, आणि घरी वाटते की आता अभ्यास नाही म्हणून शाळा टाळते आहे.

वर्गशिक्षिकांना आत्ताच भेटा. कोणाची तक्रार करू नका, कोणाचे नाव घेऊ नका. "माझ्या मुलीला वर्गात एकटे वाटते, या मोकळ्या दिवसांत तिला एखादे काम सोपवता येईल का?" एवढे विचारा. फळ्यावरची सजावट उतरवणे, पुस्तके मोजणे, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर नवीन चिठ्ठ्या लावणे अशी कामे आम्हाला हवीच असतात. दोघी-तिघींना मिळून काम दिले की बोलण्याला विषय मिळतो. पुढच्या वर्षीच्या तुकड्याही अनेक शाळांमध्ये याच सुमारास किंवा सुट्टीत ठरतात. एखादी मुलगी तिच्या जवळची असेल तर तेही कानावर घालून ठेवा. तुकड्या जाहीर झाल्यानंतर बदल करणे आम्हालाही अवघड जाते.

अर्धविराम

ताई, त्या कागदाबद्दल वाचून मलाही वाईट वाटले. तरीही या चर्चेतून कोणी असा निष्कर्ष काढू नये की आठवण करून देणेच चुकीचे आहे. माझा एक मुलगा सहावीत आणि एक आठवीत आहे. प्रत्येक न केलेल्या कामामागे दुःख शोधत बसलो तर ग्रंथालयाचे पुस्तक कधीच परत जाणार नाही.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीच आठवण होतो. प्रकल्पवही घरी राहिली की मी ऑफिसला जाता जाता शाळेच्या फाटकावर पोहोचवायचो. एका सत्रात सहा वेळा पोहोचवली. सहाव्या वेळी थोरल्याने फोन करून "बाबा, आज अजून आणली नाही का?" असे विचारले, आणि त्या एका वाक्यात मला कळले की वही लक्षात ठेवणे हे काम त्याने माझ्याकडे सोपवून टाकले आहे. त्यात त्याचा दोष नव्हता, ते काम मीच हौसेने घेतले होते.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. रविवारी रात्री वीस मिनिटे शाळेच्या गटावरचे संदेश मुले स्वतः वाचतात. फोन माझा असतो, पण वाचायचे त्यांनी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचेही त्यांनीच. मी फक्त शेजारी बसतो.

दुसरा बदल काम केव्हा करायचे हे लिहिण्याबद्दलचा आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात मांडलेली एक कल्पना मला फार उपयोगी पडली. नुसते "मी हे करीन" असे ठरवण्यापेक्षा "अमुक घडले की मी तमुक करीन" असे ठरवले तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे त्यांच्या संशोधनात दिसले. त्यामुळे आमच्या कॅलेंडरवर "पुस्तक परत करणे" असे नसते. "मंगळवारी चित्रकलेचा तास सुटला की वर्गात परत न जाता आधी ग्रंथालयात" असे असते. चित्रकलेची खोली ग्रंथालयाच्या शेजारी आहे हे धाकट्याने स्वतः सांगितले, मला ते माहीत असणे शक्यच नव्हते. सकाळी दारात उभे राहून मी दिलेली आठवण दुपारी त्या क्षणी त्याच्याजवळ नसते. चित्रकलेचा तास मात्र असतो.

निळीशाई

अर्धविराम, तुमचे म्हणणे पटते. ती बूट घालत असताना मी आठवण करून देत होते आणि काम दुपारी करायचे होते, हे इतके सरळ असूनही कधी ध्यानात आले नव्हते.

खडूफळा, तुमचा प्रतिसाद दोन वेळा वाचला. गेल्या आठवड्यात तिचे पोट दोनदा दुखले होते.

स्टेथोस्कोप

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पोट दुखण्याबद्दल आधी. ताप, उलट्या, वजन घटणे, झोपेतून उठवणारी वेदना यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच. तसे काही नसेल, आणि दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी येऊन सुट्टीच्या दिवशी येत नसेल, तरीही ते खोटे नसते. काळजीने पोट खरोखर दुखते. मुलाला "नाटक करतोस" म्हणणे त्यामुळे चुकीचेही आहे आणि निरुपयोगीही.

आता विसरण्याबद्दल. पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आपणहून आठवणे ही झालेली गोष्ट आठवण्याहून वेगळी क्षमता आहे आणि ती किशोरवयातही विकसित होत असते. नियोजनाशी संबंध असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. बारा वर्षांच्या मुलाला इतिहासातल्या सगळ्या लढायांचे सन पाठ असतात, मग वही कशी आठवत नाही, असे पालक मला विचारतात. त्याचे उत्तर हेच आहे.

यात झोपेचा वाटा मोठा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येऊ लागते, आणि शाळेची वेळ मात्र बदलत नाही. परीक्षेच्या दिवसांत हा तुटवडा सर्वांत वाढतो. रात्री अकराला दिलेली सूचना, मग ती कितीही महत्त्वाची असो, या मुलांच्या डोक्यात टिकेल अशी अपेक्षा करू नये.

सुट्टी लागण्यापूर्वी पालकांना माझ्याकडूनही काही आठवणी आहेत. या वयात उंची झपाट्याने वाढते. मुलींमध्ये हा वेग साधारण 11 ते 12 व्या वर्षी सर्वाधिक असतो, मुलांमध्ये 13 ते 14 व्या वर्षी. त्यामुळे पुढच्या वर्षाचे बूट आणि गणवेश आत्ता घेऊन ठेवू नका, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर घ्या. पाठीचा कणा वाकण्याचा त्रासही याच वाढीच्या काळात दिसू लागतो. मुलाला सरळ गुडघ्यांनी पुढे वाकायला सांगून मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, किंवा उभे असताना एक खांदा वर वाटला, तर तपासून घ्या. डोळे वर्षातून एकदा तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही ही तक्रार मुले क्वचितच करतात, ती शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत 9 ते 15 या वयात धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची वर्धक मात्रा आहे आणि 9 ते 14 या वयातल्या मुलींसाठी एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस, आहे. तुमच्याकडचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारा. हे काम सुट्टीत होते, वर्ष सुरू झाल्यावर राहून जाते.

वाचनखूण

शाळेच्या ग्रंथालयात काम करते. एकच गोष्ट सांगायची आहे. परत न आलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी विसरलेली नसतातच, ती फाटलेली, भिजलेली किंवा हरवलेली असतात, आणि मूल दंडाला नव्हे तर ते घरी सांगण्याला घाबरत असते. मागच्या वर्षी एका मुलाने पाण्यात भिजून फुगलेले पुस्तक पाच महिने कपाटात कपड्यांमागे ठेवले होते. शेवटच्या दिवशी त्याने ते टेबलावर ठेवले तेव्हा प्रत्येक पानामध्ये वर्तमानपत्राचा एकेक तुकडा घातलेला होता, वाळावे म्हणून. पालकांनी "पुस्तक दिलेस का?" याऐवजी "पुस्तक कसे आहे?" असे विचारून पाहावे.

पायवाट

आमचा मुलगा आठवीत आहे आणि यानंतर शाळा बदलणार आहे, म्हणून कागदपत्रांच्या बाबतीत माझे अनुभवाचे बोल. थोरल्या मुलीच्या वेळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारखेतला एक आकडा चुकला होता. आम्ही तो घेताना पाहिला नाही आणि नंतर दुरुस्तीसाठी वर्षभर खेटे घातले. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून नावाचे प्रत्येक अक्षर आणि तारखेचा प्रत्येक आकडा जन्मदाखल्याशी ताडून पाहावा. आणि हे मुलाला करू द्यावे. आमच्या मुलाने या वेळी स्वतःच्या मधल्या नावातली वेलांटी चुकल्याचे पकडले आणि लिपिकांना स्वतः दाखवले. त्या दिवशी तो घरी चालत आला तो वेगळ्याच तोऱ्यात.

मला मात्र इथे एक अडचण मांडायची आहे. कामांच्या यादीत निरोप घेणे कुठेच नसते. गेल्या आठवड्यात मुलगा म्हणाला, "शाळेतून सगळं घेऊन यायचं सांगता, तिथे काही ठेवून यायचं असेल तर?" मी विचारले काय ठेवायचे आहे. त्याला विज्ञानाच्या बाईंना पत्र लिहायचे होते आणि ते कसे लिहितात हे माहीत नव्हते. मी त्याला मजकूर सांगितला नाही. "त्यांच्या तासातला कोणता दिवस तुला लख्ख आठवतो, तेवढेच लिही," असे म्हटले. त्याने चुंबकाच्या प्रयोगाबद्दल अर्धे पान लिहिले आहे, अजून दिलेले नाही.

अर्धविराम

पायवाट, हे आमच्या कॅलेंडरवर आजच जाते आहे.

एक प्रश्न खडूफळा यांना. वह्यांचे काय करावे? दरवर्षी निकाल लागला की आमच्याकडे सगळ्या वह्या रद्दीत जातात, आणि सुट्टीत अभ्यास घ्यावा की नाही यावर घरात वाद होतो. सुट्टीत मुले सगळे विसरतात असे मी म्हणतो, पत्नी म्हणते मुलांना श्वास घेऊ दे.

खडूफळा

तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेले सुरुवातीला भराभर निसटते आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे पूर्ण पुसले गेलेले नसते. सुट्टीतल्या गळतीबद्दल हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये आधीचे 39 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी नुकसान सुमारे महिनाभराच्या शिकण्याइतके निघाले, आणि वाचनापेक्षा गणितात ते जास्त होते. नंतरच्या काही अभ्यासांत ही गळती इतकी ठाम दिसलेली नाही. त्यामुळे रोज दोन तास वही उघडून बसवण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा थोडी गणिते करावीत, आणि वाचायला जे त्याला आवडेल ते द्यावे, निवडीत ढवळाढवळ करू नये.

वह्यांबद्दल माझे मत ठाम आहे. गणिताची आणि भाषेची प्रत्येकी एक वही ठेवा, बाकीच्यांचे मुलाला ठरवू द्या. ठेवलेली वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याच्यासोबत एकदा चाळा. वर्षाच्या सुरुवातीला त्याला न जमलेले उदाहरण वर्षअखेरीस सहज सुटते हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसते. प्रगतिपुस्तकावरचा आकडा त्याला दुसऱ्यांच्या तुलनेत उभे करतो, वही त्याला त्याच्याच मागच्या वर्षाशेजारी उभे करते. मुलांना वर्षातले स्वतःचे वाढणे दिसतच नाही, आणि कोणी दाखवतही नाही.

आजीचाकट्टा

माझ्या नातवंडांकडे पाहून वाटते ते लिहिते. आपल्या भाषेत "आठवण" हा एकच शब्द दोन कामे करतो. आई मुलाला करून देते तीही आठवण, आणि पुढे मुलाच्या मनात राहते तीही आठवण. माझा मुलगा आज पन्नाशीला आला आहे. त्याला सातवीतले काय आठवते असे मी परवा विचारले, तर म्हणाला, "तू रोज दारातून ओरडायचीस, पाण्याची बाटली घेतलीस का." मला वाटले होते त्याला मी रात्री जागून काढलेले नकाशे आठवत असतील. निळीशाई, तुझी मुलगी अजून सातवीतच आहे.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगायला आज आले आहे.

शनिवारी संध्याकाळी मी तिला सांगितले की मागच्या आठवड्यात मी तुझे दप्तर तुला न विचारता उघडले होते आणि ते माझे चुकले. ती लगेच म्हणाली, "मला माहिती आहे, पुठ्ठा उलटा बसवला होतास." आठवडाभर तिला माहीत होते. खडूफळा यांनी लिहिले होते तसेच.

मग मी म्हटले की संमतिपत्र पाहिले, आणि तेव्हा मी तुला विसराळू म्हणाले ते खोटे होते, त्याबद्दल मला वाईट वाटते. प्रश्न विचारला नाही. ती बराच वेळ उशीच्या अभ्र्याचा कोपरा दुमडत आणि उलगडत बसली. नंतर तिने सांगितले की वर्गात मुलींची संख्या विषम आहे, त्यामुळे जोड्या लावल्या की कोणीतरी एक उरतेच, आणि या वर्षी ती उरते. कोणी भांडले नाही, कोणी वाईट वागले नाही. मी इतके दिवस मनात ज्या मुलींवर राग धरला होता त्यांचा यात काही दोषच नव्हता. तिला मागे एकटीने बसायचे नव्हते इतकेच, आणि तसे मला सांगितले असते तर मी शाळेत फोन केला असता याची तिला भीती होती. ती भीती खरी आहे, मी केला असता.

म्हणून वर्गशिक्षिकांना भेटायचे की नाही हे मी तिला विचारले. ती आधी नको म्हणाली. मोकळ्या दिवसांत काम मिळू शकते हे सांगितल्यावर म्हणाली, "ग्रंथालयातलं चालेल, पण तू नको विचारूस, मी विचारते." सोमवारी तिने स्वतः विचारले. आता परीक्षेनंतरचे चार दिवस ती आणि दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी मिळून पुस्तकांच्या पाठींवरचे निघालेले क्रमांक नव्याने चिकटवणार आहेत. त्या मुलीबद्दल तिने मला काल रात्री पाऊण तास सांगितले. तिला मांजरे आवडतात आणि तिचे अक्षर छापील दिसते, एवढे आता मलाही माहीत आहे.

दप्तर तिने रविवारी स्वतः रिकामे केले. मी जमिनीवर शेजारी बसले होते, वस्तूंना हात लावला नाही. ठेवायच्या आणि टाकायच्या अशा दोन राशी झाल्या. कर्कटक आणि तिरका खोडरबर ठेवायच्या राशीत गेले, का ते मी विचारले नाही. संमतिपत्र तिने उलगडले, मागची बाजू पाहिली, आणि "हे गाळलेल्या जागा भरा झालंय" असे म्हणून टाकायच्या राशीत ठेवले. थोड्या वेळाने ते उचलून तिने मला दिले आणि म्हणाली की पुढच्या बाजूला तुझ्या सहीखाली जागा कोरी आहे, कामांची यादी कर.

यादी तिनेच केली. माझ्या सहीच्या खाली, तिच्या अक्षरात, पाच कामे आहेत आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या तासानंतर करायचे ते लिहिले आहे. आज सकाळी ती बूट घालत होती तेव्हा मी स्वयंपाकघरातच थांबले. दार बंद होण्याआधी ती परत आत आली, टेबलावरचे ग्रंथालयाचे पुस्तक उचलले आणि गेली.